मी झोपलो नव्हतो

२ जानेवारी १९७५, गुरुवार. पहाटे ४-१०
स्वप्न पडलं. वाईट. लिहिणार नाही.
अंग घामाने चिंब. दोन तांबे पाणी प्यायलो. बसम्मा उठून बसली. "काय वो, ओरडला कशाला?" म्हणाली. मी म्हणालो, डास चावला. जानेवारीत डास कुठले, म्हणाली. मी म्हणालो, सोलापुरात बाराही महिने असतात. ती पुन्हा आडवी झाली. मी नाही झालो.

सकाळी ९-००
परवाच नवी डायरी उघडून नव्या वर्षाचे सात संकल्प लिहिले होते. त्यातला पाचवा, 'रात्री नऊला झोपणे', आज खोडला. बाकीचे सहा अजून शाबूत आहेत, म्हणजे वापरलेलेच नाहीत.
नवा संकल्प: यापुढे झोपायचं नाही.
मी भ्यालेलो नाही. भिणं वेगळं आणि न झोपणं वेगळं. चौतीस वर्षं कापडगिरणीत काढली, त्यात शेवटची अठरा जॉबर म्हणून, म्हणजे मागवाल्यांचा मुकादम. निम्मं आयुष्य नाईट शिफ्ट. मालकासाठी जागलेल्या माणसाला स्वतःसाठी जागता येऊ नये?
रद्दीत मिळालेलं आरोग्याचं पुस्तक काढलं. झोपेचं प्रकरण पान एकवीसवर आहे असं अनुक्रमणिका सांगते. पुस्तक पान एक्केचाळीसपासून सुरू होतं. तिथे मूळव्याध आहे.

३ जानेवारी, शुक्रवार. सकाळी ७-४५
पहिली रात्र यशस्वी! पुढच्या खोलीत खुर्चीवर बसून इंग्रजी डिक्शनरी वाचली. शाळा चौथीपर्यंत, पण पुढचं सगळं मी असंच वाचून मिळवलं. दहाला 'बी' सुरू केलं. सव्वादहाला दुसरं पान. मग एकदम उजाडलं. रात्र किती छोटी असते हे झोपणाऱ्यांना कधी कळणार नाही.
पापणी लवली नाही. मान थोडी अवघडली आहे. गालावर डिक्शनरीच्या पुठ्ठ्याची खूण उमटली आहे. वाचन खोल झालं की असं होतं.
बसम्माने चहात साखरेऐवजी मीठ घातलं. तसाच प्यायलो. वय झालं तिचं.

४ जानेवारी, शनिवार. दुपार
समोरच्या जोतीरामच्या चहाच्या टपरीवर गेलो. जोतीराम माझ्याच हाताखाली होता, माग चालवायचा. त्याला सहज म्हणून विचारलं की एखाद्या माणसाला वाईट स्वप्न पडून झोपेची धास्ती बसली तर त्याने काय करावं. गाळणं झटकत म्हणाला, "त्यो मानूस तुमीच न्हवं?" मी म्हणालो, नाही, ओळखीचा आहे. म्हणाला, "मंग त्या वळखीच्याला सांगा, उशाखाली पायताण ठिवून झोपायचं. सपान वासानंच पळतंय."
मी असल्या गोष्टी मानत नाही. मी म्हणालो, त्या माणसाला झोपायचंच नाही, आणि जागरणाची त्याला सवय आहे, माझ्यासारखी. तर हा गडी चहाच्या किटलीवर डोकं ठेवून हसतो. "तुमी? नाईटला? जॉबर, कापडाच्या ढिगावर तुमी झोपायचा आन सुपरवायझर दिसला की मी शिट्टी मारायचो! इसरला व्हय?"
विसरलो नाही. ते डोळे मिटून मागांचा आवाज तपासणं होतं. कुठला माग बिघडलाय हे कानाने कळतं. सुपरवायझरलाही हे समजलं नव्हतं, जोतीरामला कुठून समजणार.

रात्री ९-३०
खुर्चीवर पाठीशी उशी घेतली. उशीखाली पायताण ठेवलं. उंची कमी पडत होती म्हणून.

५ जानेवारी, रविवार. संध्याकाळ
स्वप्न लिहून काढतो. लिहिलं की जोर जातो.
सगळं आमच्या रिवाजाप्रमाणे होतं. आमच्यात माणूस गेला की त्याला आडवा ठेवत नाहीत. भिंतीला टेकवून बसवतात. मान कलंडू नये म्हणून हनुवटीखालून कापड घेऊन वर खुंटीला बांधतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार. मग सजवलेल्या पालखीवजा विमानात बसवून वाजतगाजत नेतात आणि खड्ड्यातही बसवूनच ठेवतात. तर स्वप्नात तसा मी बसलो होतो. थाट उत्तम होता, तक्रार नाही. पण मी जिवंत! ओरडतोय, "अगं, मी जिवंत आहे!" आणि घशातून हूं नाही की चूं नाही. झांजा वाजताहेत. माती पडायला लागली.
आणि बसम्मा कुठे? बाजूला उभी राहून फुलवाल्याशी भांडत होती. झेंडू शिळा दिला म्हणून. चव्वेचाळीस वर्षांचा संसार आणि बाईसाहेबांनी वळूनसुद्धा बघितलं नाही.
हे तिला सांगणार नाही. पण लक्षात ठेवणार आहे. आज जेवताना दुसरी भाकरी मुद्दाम मागितली नाही. तिने न मागता वाढली. खाल्ली, पण रागाने.
लिहून जोर गेला नाही. उलट झांजा ऐकू यायला लागल्या. आता रात्र होणार.

६ जानेवारी, सोमवार. सकाळी १०-००
चौथी रात्र. टक्क जागा. पुरावा म्हणून नोंद: गिरणीचा बाराचा भोंगा ऐकला, पहाटेचा भोंगा ऐकला. दोन्ही स्पष्ट.
जोतीरामला हे ऐटीत सांगितलं. म्हणाला, "काल रईवार व्हता की. बंद गिरणीचा भोंगा कोन वाजवतंय? भूत व्हय?"
चौतीस वर्षांच्या कानाला बंद गिरणीचाही भोंगा ऐकू येतो. यात हसण्यासारखं काही नाही. टपरीवरच्या बाकीच्या चौघांनाही हे समजायला हवं होतं.

७ जानेवारी, मंगळवार
रात्री कधीतरी डोळे किलकिले केले (विश्रांतीसाठी मिटले होते), तर बसम्मा समोर उभी. माझ्या नाकापाशी हात धरून. विचारलं, काय करतेस? म्हणाली, "काय न्हाई, डास होता." म्हणजे जानेवारीत डास असतात हे सिद्ध झालं! तिच्याच तोंडून.
आज डाळ करपली. बसम्मा चुलीपुढे बसल्या बसल्या पेंगत होती. सकाळी अकरा वाजता! तिला झोपेच्या शिस्तीवर अर्धा तास समजावलं. माणसाने दिवसा पेंगणं म्हणजे इच्छाशक्ती कमी असणं, माझ्याकडे बघ, वगैरे. पंचवीस मिनिटांनी लक्षात आलं की ती पुन्हा झोपली आहे.

८ जानेवारी, बुधवार
शेंगाची चटणी नुसती खाल्ली, तिखटाने झोप उडते म्हणून. झोप उडाली की नाही सांगता येत नाही, कारण सगळा वेळ परसात गेला. मूळव्याधीचं प्रकरण आता कामाला येईल असं दिसतं.
खुर्ची घात करते. तिला हात आहेत, माणूस कलतो. कलला की संपलं. कलायची सोयच नको. नवा प्लॅन सायंटिफिक पाहिजे.

९ जानेवारी, गुरुवार. रात्री ८-००
प्लॅन सापडला. जुन्या काळी विद्यार्थी शेंडी खुंटीला बांधून रात्ररात्र वाचत. डुलकी आली की हिसका बसायचा. मला शेंडी नाही. खरं सांगायचं तर केसही नाहीत. पण निवृत्तीच्या वेळी खात्यातल्या लोकांनी दिलेला पांढरा मफलर आहे. भिंतीला पाठ लावून पाटावर ताठ बसायचं, मफलर हनुवटीखालून घ्यायचा, दोन्ही टोकं कानांवरून वर नेऊन खुंटीला गाठ. मान खाली जायला जागाच नाही. इतकी साधी गोष्ट कुणाला सुचू नये याचं आश्चर्य वाटतं.
टेस्ट घेतली. उत्तम. मान हलत नाही.
बसम्मा आतून भांडं घेऊन आली आणि मला बघून भांडं टाकलं. पांढरीफट्ट पडली. "अय्यो, सोडा ते! सोडा म्हणते ना!" म्हणून गाठच ओढायला लागली. मी म्हणालो, अगं, हे अभ्यासासाठी आहे. म्हणाली, "कसला अभ्यास, कसले दिसताय बघा आरशात." पडलेलं भांडं तिथेच टाकून आत गेली. बायकांना सायन्स कळत नाही. आरशात बघायचं म्हणजे मफलर सोडावा लागला असता, म्हणून बघितलं नाही.

१० जानेवारी, शुक्रवार
मफलर म्हणजे कमाल आहे! रात्र कधी गेली कळलंसुद्धा नाही.
संगप्पाचं कार्ड आलं. संगप्पा म्हणजे बसम्माचा भाऊ, अक्कलकोटच्या पलीकडे शेती करतो. रविवारी सकाळच्या गाडीने तो आणि त्याची बायको ईरम्मा संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेला येताहेत. म्हणजे चार दिवस पाहुणे पुढच्या खोलीत झोपणार. मग मी जागायचं कुठे? उद्यापासून दिवसा सराव करून ठेवतो. दिवसा साठवलेलं जागरण रात्री वापरता येईल.

११ जानेवारी, शनिवार
बसम्मा भाजी निवडता निवडता देठं ठेवून पानं फेकत होती. डोळ्यांखाली काळं. विचारलं, बरं नाही का? म्हणाली, "तुमी आडवे झोपत जा की वो. एवढंच मागते." मी म्हणालो, झोपण्याइतका वेळ माझ्याकडे नाही. ती पुन्हा देठं निवडायला लागली.
जरा वाईट वाटलं. पण झेंडू आठवला.

१२ जानेवारी, रविवार. रात्री ८-००
आज जे झालं त्याची नोंद शांतपणे करतो.
पहिली गोष्ट, मी झोपलो नव्हतो. डोळे मिटून विचार करत होतो. पुढची हकीकत जोतीरामच्या तोंडची आहे, कारण विचार जरा खोल होता.
सकाळी अंघोळ केली, पूजा केली, कपाळभर विभूती लावली. स्वच्छ धोतर नेसलो. बसम्मा तीळ आणायला शुक्रवार पेठेत गेली. पाहुणे यायला वेळ होता, तेवढ्यात सराव करावा म्हणून पाटावर बसलो आणि मफलर खुंटीला बांधला.
गाडी वेळेआधी आली. (आयुष्यात पहिल्यांदा. माझंच नशीब.) संगप्पा दारात आला आणि बघतो तर दाजी भिंतीला टेकून ताठ बसलेले, हनुवटी बांधलेली, कपाळाला विभूती, अंगावर पांढरं. घरात दुसरं कुणी नाही. आमच्या माणसाने याचा एकच अर्थ काढावा. दुसऱ्या कुणी म्हातारा येडा झाला म्हटलं असतं. संगप्पाने पिशवी खाली ठेवली आणि "अय्यो दाजीऽ" म्हणून दारातच बसला. ईरम्माने असा टाहो फोडला की भवानी पेठेतली निम्मी कुत्री जागी झाली. मी झालो नाही. मी मुळात जागाच होतो, त्यामुळे जागं व्हायचा प्रश्न येत नाही.
जोतीराम टपरी सोडून धावला. गॅसबत्ती विझायच्या आत कधी टपरी न सोडणारा माणूस, उकळतं आधण तसंच टाकून आला. गल्ली जमली. आणि मग मेल्या म्हशीला मणभर दूध! संगप्पा म्हणाला, असा माणूस शंभरात नाही. (याच संगप्पाने दिवाळीत मला 'नुसता बोलघेवडा' म्हटलं होतं.) ईरम्मा म्हणाली, "परवाच शेंगा पाठवायच्या होत्या वो दाजींना, मीच न्हाई पाठवल्या!" देवाला घालायला शेतातल्या झेंडूचा हार करून आणला होता, तो तिने माझ्या गळ्यात घातला. जोतीराम कोपऱ्यात उभा राहून मोठ्याने रडत होता. "लई जागलं बगा. सारखं जागत व्हतं. आन मी हसत व्हतो." कुणीतरी मठात निरोप द्यायला निघालं. कुणी वाजंत्रीवाल्यांचं नाव काढलं.
तेवढ्यात बसम्मा आली. गर्दी बाजूला झाली. ईरम्मा "अक्का गंऽ" म्हणून गळ्यात पडायला गेली. बसम्माने तिळाचा पुडा आधी फळीवर ठेवला. मग माझ्यापुढे बसली आणि दोन बोटं माझ्या नाकाखाली धरली. सवयीने, जशी भाकरी शेकली का बघते तशी. म्हणाली, "हायेत. झोपलेत."
संगप्पा म्हणाला, अक्का, मन घट्ट कर. तर म्हणते, "मन कशाला घट्ट करू? दहा दिवस झाले, रात्रीत दहादा हेच बघत बसलीय मी. आडवे झोपले की घोरतात, मला कळतं हायेत म्हणून. बसून झोपले की आवाजच न्हाई. उठून बघावं लागतंय. डोळा लागला की पुन्हा उठून बघावं लागतंय."
असं म्हणून तिने उठून खुंटीवरची गाठ सोडली. मी पुढे पडलो, सरळ संगप्पाच्या मांडीवर. डोळे उघडले तर गळ्यात झेंडू, समोर रडणारी माणसं, वाजंत्रीची भाषा. काय झालं कळायच्या आत ओरडलो, होता नव्हता तेवढा जोर लावून, "अगं, मी जिवंत आहे!"
या वेळी आवाज निघाला. संगप्पाचा कान अजून वाजतोय म्हणे.
बसम्मा म्हणाली, "ऐकू आलं. हळू बोला की, घर भरलंय."

१३ जानेवारी, सोमवार. दुपार
गल्लीतले लोक मला बघायला येताहेत. एकाने पायाला हात लावला. जोतीराम माझ्याशी बोलत नाही. म्हणतो, "उगी रडवलं वो मला. चहा करपला त्यो येगळाच." माझ्या गळ्यातला हार आता देवाला चालेना, म्हणून शेजारच्या म्हशीला घातला. तिला शोभतो.
डायरीची मागची पानं वाचून काढली. डास. मीठ. डाळ. भाजीची देठं. दहा रात्री 'पापणी लवली नाही' असं मीच लिहिलंय. खोटं नाही. फक्त पापणी बसम्माची होती.

रात्री ९-००
पाहुणे जत्रा बघायला गेले. बसम्माला स्वप्न सांगितलं. सगळं. माती, झांजा आणि आवाज न निघणं. भीती वाटली, हेही सांगितलं. (ही एकच ओळ मी पुढे कधी खोडली तर खोडेन.)
तिने विचारलं, "मी काय करत होते?"
मी म्हणालो, फुलवाल्याशी भांडत होतीस. शिळा झेंडू दिला म्हणून.
म्हणाली, "मग बरोबर हाय. तुमाला शिळा झेंडू घालून पाठवू होय?"
दहा दिवसांचा राग होता, तो कुठे ठेवला होता तेच सापडेना.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत
तिळगूळ घेतला. सगळ्यांशी गोड बोललो. जोतीरामला पुडा नेऊन दिला. त्याने चहा दिला, पण पाठ करून.
महत्त्वाचा संकल्प: आज रात्री बसम्माने झोपायचं. उद्या उठेल तेव्हा उठेल. तिला कुणी हाक मारायची नाही. मी स्वतः पहारा देणार. दर अर्ध्या तासाला इथे नोंद. हे भीतीपोटी नाही, ही ड्यूटी आहे. सकाळचा चहासुद्धा मीच करणार.

रात्री ९-३०
पाहुणे पुढच्या खोलीत झोपले. मी आतल्या खोलीत तिच्या उशाशी, टक्क जागा.

९-४५
बसम्मा नुसती कूस बदलतेय. म्हणते, "तुमी असे बसून राहिला तर मला झोप यायची न्हाई. गिरणी बंद पडल्यासारखं वाटतंय." चव्वेचाळीस वर्षांची सवय आहे म्हणे. माझं घोरणं सुरू झालं की तिला झोप लागते आणि थांबलं की जाग येते. मी घोरतो हे मला मान्य नाही. पण तिच्या समाधानासाठी दोन मिनिटं आडवा होतो. झोपणार नाही. सव्वादहाची नोंद ठरल्याप्रमाणे करतोच

१५ जानेवारी, बुधवार. सकाळी ७-५०
पाठ टेकली होती. बाकी काही नाही.
स्वप्न पडलं, पण तेवढं लांबलं नाही. माती पडायच्या आत कुणीतरी झेंडूवरून भांडायला लागलं, आणि मला बरं वाटलं.
बसम्मा अजून झोपली आहे. दूधवाला येऊन गेला, पाहुणे अंघोळी करून बसले, ऊन उंबऱ्यावर आलं, तरी झोपली आहे. असं चव्वेचाळीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं. घोरत नाही, हालचाल नाही. अगदी गप्प.
मी बराच वेळ बघितलं. मग दोन बोटं नाकाखाली धरली.
डोळे न उघडता म्हणाली, "मेले न्हाई अजून. चहा ठेवा."

८-०५
चूल पेटवली. एकट्याने. दूध ठेवलं, पाणी ठेवलं. संकल्पाप्रमाणे सगळं चाललं होतं.
चहाची पूड कुठल्या डब्यात असते हे विचारायला तिला उठवावं लागलं.